आकडा नंतर, आधी कळवा

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि ज्यांच्या शब्दावर या मंडळाची वीट न् वीट चढली ते आदरणीय विष्णुपंत चौबळ, म्हणजे आपले सगळ्यांचे अण्णा. बदलापूरचा आपला दवाखाना बंद ठेवून मुद्दाम आलेल्या बालरोगतज्ज्ञ डॉक्टर वृंदाताई ओक. ज्यांच्या निरोपासाठी आज हा हॉल भरला आहे त्या सत्कारमूर्ती मालिनीबाई कारखानीस. प्रयोगशाळेतल्या माझ्या बंधुभगिनींनो. आणि अंबरनाथ, उल्हासनगर, बदलापूर, थेट बारवी धरणापलीकडच्या पाड्यांवरून आलेल्या सुजन श्रोत्यांनो,

अण्णांनी मला पाच मिनिटं दिली आहेत. देताना वर बजावलं, "फणसे, त्या कॉम्प्युटरचं पुराण लावू नका. लोकांना जेवायचं असतं." मी हो म्हटलं. पण श्रोतेहो, मालिनीबाईंबद्दल बोलायचं आणि कॉम्प्युटरबद्दल बोलायचं नाही, हे जमायचं कसं? लग्नाला जायचं आणि नवऱ्यामुलाचं नाव काढायचं नाही, त्यातली गत. तेव्हा अण्णा, थोडं होईल. आपण मोठ्या मनाने सोसावं.

मी वक्ता नाही. शहाडच्या एका कारखान्यात ईडीपी, म्हणजे कॉम्प्युटर विभागात आहे. कामगारांच्या पगाराच्या चिठ्ठ्या महिन्याच्या महिन्याला बिनचूक निघाव्यात, एवढंच माझं आयुष्यातलं कर्तृत्व. चुकली की शिव्या, बरोबर निघाली की कोणी विचारत नाही. मला वाटतं, बाईंचं आणि माझं जमलं ते याच मुद्द्यावर. रक्ताचा रिपोर्ट बरोबर आला तर लोक डॉक्टरला पेढे देतात. रिपोर्ट कोणी काढला, हे कोण विचारतं?

उद्या बाई धारवाडला भाच्याकडे कायमच्या राहायला निघाल्या आहेत. सामान गेलं. जागेची किल्ली मंडळाकडे आली. सगळं रीतसर झालं. पण आमच्या घराचं आणि बाईंचं एक राहिलेलं आहे. बाई गेली कित्येक वर्षं मंडळाच्या या प्रयोगशाळेत माझ्या शेजारी बसल्या, पण आमच्या उंबऱ्याच्या आत एकदाही आल्या नाहीत. माझ्या मुलीला त्यांनी अजून पाहिलेलं नाही. त्या तशाच निघून जाऊ नयेत, एवढ्यासाठी मी आज या माइकसमोर उभा राहिलो आहे. नाहीतर अण्णा, मी तुम्हाला नाही म्हणण्यात किती पटाईत आहे हे आपण जाणताच.

आधी बाईंचं काम सांगतो, कारण इथल्या पुष्कळांना ते ठाऊक नसेल. आपल्या रक्तात काही द्रव्यं इतकी थोडी असतात, की बारवीच्या धरणात चिमूटभर मीठ टाकावं आणि मग कोणी विचारावं, सांगा पाहू, किती टाकलं? थायरॉइडची तपासणी ही अशी. त्यासाठी मुंबईहून एक किट यायचं. त्यातलं द्रव्य किरणोत्सारी, दिवसागणिक फिकं पडणारं, म्हणून ते ठरलेल्या दिवशीच यायचं आणि तोवर सगळ्यांची रक्तं फ्रीजमध्ये वाट बघत बसायची. किट आलं की प्रत्येकाच्या रक्ताच्या दोन-दोन नळ्या. सोबत ज्यांचं मोजमाप आधीच माहीत आहे अशा स्टँडर्डच्या नळ्या. मग त्या एकेक करून गॅमा काउंटर नावाच्या यंत्रात घालायच्या. यंत्र आकडे द्यायचं. त्या आकड्यांवरून बाई आलेखाच्या कागदावर पेन्सिलीने एक वळणदार रेघ काढायच्या, आणि त्या रेघेवर बोट ठेवून एकेका माणसाचं उत्तर वाचायच्या.

ही रेघ काढताना मी त्यांना पाहिलं आहे. शेजारी बॉम्ब फुटला असता तरी मान वर झाली नसती. दोन नळ्यांचे आकडे जुळले नाहीत तर रिपोर्ट नाही. किट बरोबर चालतंय ना हे बघायला ठेवलेली तपासणीची नळी मर्यादेबाहेर गेली तर सगळी बॅच रद्द. आणि एखाद्याचा आकडा रेघेच्या टोकापलीकडे पडला, तर ते रक्त पातळ करून पुढच्या किटमध्ये पुन्हा. एका कारखान्याचे मोठे साहेब बायकोच्या रिपोर्टसाठी इथे येऊन टेबलावर हात आपटत होते. बाई शांतपणे म्हणाल्या, "साहेब, आकडा पिकल्याशिवाय मी तोडत नाही." साहेब गार. ही गोष्ट आपण सगळ्यांनी हसत हसत शंभरदा सांगितली आहे. मीही सांगत असे.

आता यापुढचं मी अण्णांना आधी दाखवलेलं नाही. क्षमा असावी.

पंच्याऐंशी साली आमच्याकडे मुलगी झाली. माझ्या आजीचं नाव ठेवलं, वेणू. अशी शहाणी मुलगी आमच्या आळीत कोणी पाहिली नव्हती. रडणं म्हणून नाही. दूध पाजा, झोपवा, उठवा, पुन्हा झोपवा. माझी आई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "गुणी गं बाई माझी! कुणाला त्रास म्हणून देत नाही." शेजारणी आपली किरकिरी पोरं घेऊन यायच्या आणि म्हणायच्या, बघ, बघ जरा तिच्याकडे. आम्ही नवराबायको फुशारून जायचो. फक्त उमा, माझी पत्नी, एकदा मला हळूच म्हणाली, "अहो, हिला भूक लागली तरी ही रडत नाही." मी म्हटलं, तुझं आपलं काहीतरीच.

वृंदाताईंकडे लस टोचायला नेलं, तेव्हा ताईंनी वेणूला बराच वेळ न्याहाळलं. जीभ पाहिली, पोट दाबून पाहिलं. सुई टोचल्यावर ती रडली, तर त्या घोगऱ्या आवाजाकडे त्यांनी कान देऊन ऐकलं. मग हसणं बंद झालं त्यांचं. म्हणाल्या, रक्त पाठवू या, थायरॉइडचं. लहान बाळाच्या मेंदूची वाढ या एका द्रव्यावर असते, कमी असेल तर रोज एक गोळी द्यायची, मूल ठणठणीत होतं. फक्त उशीर होता कामा नये. ताई, हे आपलं वाक्य मला जसंच्या तसं पाठ आहे.

ते रक्त इथे आलं. बाईंच्या टेबलावर. दोन नळ्या, दोन्हींचे आकडे अगदी जुळलेले. आणि दोन्ही रेघेच्या टोकाच्या पलीकडे. थायरॉइड कमी पडलं की त्याला हाकणारं दुसरं एक द्रव्य रक्तात वाढतं, आणि इथे मोजतात ते हे दुसरं. रेघ तिथे आडवी झोपते, तिच्यावरून काही वाचता येत नाही. म्हणजे, दोष आहे आणि भरपूर आहे, हे उघड होतं. किती आहे, एवढंच कळत नव्हतं. बाईंनी त्यांचा नियम पाळला. रक्त पातळ करून पुढच्या किटला ठेवलं. आम्हाला चिठ्ठी आली, "पुनर्तपासणी चालू आहे." पुढचं किट आलं, त्यात तपासणीची नळी मर्यादेबाहेर गेली. बाईंनी अख्खी बॅच टाकून दिली. दुसरी कोणी असती तर डोळेझाक केली असती. त्यापुढचं किट उशिरा आलं.

आणि आम्ही काय करत होतो? आम्ही खुशीत होतो. "काही वाईट असतं तर लगेच कळवलं नसतं का?" माझी आई म्हणायची. मीही म्हणायचो, सगळेच म्हणायचे. वृंदाताईंनी फोन केला की उत्तर मिळायचं, चालू आहे. तेव्हा इकडे रिपोर्ट हातात आल्याशिवाय एवढ्या लहान बाळाला ती गोळी कोणी सुरू करत नसे. आणि वेणू झोपत होती. गुणी बाळासारखी.

शेवटी रिपोर्ट आला. आकडा दशांशासकट. चूक काढायला जागा नाही. त्याच संध्याकाळी उमाने चमच्यात दूध घेऊन त्यात गोळी चुरली.

वेणू आता अकरा वर्षांची आहे. चालते, हसते, कपड्यांच्या घड्या माझ्यापेक्षा चांगल्या घालते. आम्हाला ओळखते, आमच्यावर जीव टाकते. पण वाचता येत नाही. पाचच्या पुढे मोजता येत नाही. आकड्यांवर पोट भरणाऱ्या बापाची मुलगी! मुंबईच्या मोठ्या डॉक्टरांना मी विचारलं होतं, साहेब, यातलं जन्माआधी किती गेलं आणि त्या आठवड्यांत किती? ते म्हणाले, "मिस्टर फणसे, ते कोणीच सांगू शकणार नाही." तेवढा एक आकडा मला आजवर कुणी दिलेला नाही.

मी रागावलो होतो का? श्रोतेहो, रागाने माझ्या अंगाची लाही लाही झाली होती. एक दिवस अर्धी रजा टाकून मी इथे भांडायला आलो. दारात उभा राहिलो. बाई खिडकीशी बसल्या होत्या. पेन्सिलीला टोक केलं, कागदावर फुंकर मारली, रेघ काढायला घेतली. कोणाची तरी रेघ. तेवढ्याच जिवापाड. मी तसाच मागे फिरलो. बाई, आपण निष्काळजी असता ना, तर माझं फार सोपं झालं असतं. आळशी माणसाशी भांडता येतं. जो सगळ्यांसाठी डोळ्यांत तेल घालून बसला आहे, त्याच्याशी काय भांडणार?

मग सत्त्याऐंशी साली अण्णांनी मंडळासाठी कॉम्प्युटर घ्यायचं मनावर घेतलं. तो आणला उल्हासनगरच्या कॅम्प दोनमधून, टेकचंदशेठकडून. शेठ आज आले आहेत, मागे बसले आहेत. नमस्कार, साईं! शेठनी डबा टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "अण्णा, ये मशीन नहीं है, दिमाग है. बस, चालू करने का बटन पीछे है." तेव्हापासून सहा महिने त्या दिमागावर प्लॅस्टिकचं कव्हर होतं. चालवणार कोण? अण्णांनी मला विचारलं आणि मी हो म्हटलं. घरी सांगितलं तेव्हा उमाच्या हातातलं लाटणं थांबलं. "तिथे? त्याच बाईंबरोबर?" मी म्हटलं, त्याच रेघेसाठी. माणसाच्या हाताने ती काढायला दोन दिवस लागतात, मशीनला दोन दिवस लागणार नाहीत.  त्या दिवशी पोळ्या करपल्या.

रविवारी दुपारी मी इथे यायला लागलो. बाईही यायच्या. आमच्यात बोलणं कामापुरतं. त्या मला फणसेसाहेब म्हणायच्या, मी त्यांना बाई. मी कोण, हे त्यांना ठाऊक आहे की नाही याचा मला पत्ता नव्हता. हे नाव या भागात काही शेकड्यांनी नाही. पण त्यांनी कधी विषय काढला नाही, आणि मीही नाही.

वळणदार रेघ गणिताने सरळ करायची एक युक्ती असते. ती मी पुस्तकातून शिकलो. बेसिक भाषेत प्रोग्रॅम लिहिला. आता तो खरा की खोटा, हे ठरवायचं कसं? आमच्या धंद्यात यासाठी एक जुनी रीत आहे. ज्याचं उत्तर आधीच हाताने काढलेलं आहे, असं जुनं काम मशीनला द्यायचं आणि दोन्ही उत्तरं ताडून पाहायची. म्हणून बाई कपाटातून जुन्या बॅचचे आकडे काढायच्या, वाचून दाखवायच्या, मी टाइप करायचो. मशीनचं उत्तर आणि बाईंचं उत्तर जुळलं, की बाई लहान मुलीसारख्या टाळी वाजवायच्या. हो, आपल्या मालिनीबाई! विश्वास बसणार नाही तुमचा.

एका रविवारी त्या एक बॅच घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "फणसेसाहेब, आज ही घेऊ." वर तारीख होती. मी ती पाहिली. मी वर पाहिलं नाही. बाई वाचायला लागल्या. स्टँडर्डचे आकडे, मग एकेक नमुना, नाव नाही, नुसता क्रमांक आणि दोन आकडे. त्याच आवाजात, त्याच चालीत. त्या दोन आकड्यांपाशी आवाज हलला नाही. मी टाइप केले. मला मात्र ते दोनदा खोडून पुन्हा मारावे लागले.

आता इथे एक तांत्रिक गोष्ट सांगतो, अण्णा, एवढी एकच. रेघेपलीकडचा आकडा त्या गणितात घातला की गणित मोडतं, प्रोग्रॅम मध्येच बंद पडतो आणि पुढच्या सगळ्यांचे रिपोर्ट अडकतात. ते होऊ नये म्हणून मी आधीच एक ओळ घालून ठेवली होती. कोणा पेशंटचा विचार करून नव्हे हो, मशीन अडू नये म्हणून. आकडा रेघेबाहेर गेला तर गणित करू नको, नुसतं वाक्य छाप आणि पुढे जा. मी बटन दाबलं. यादी छापून यायला लागली. सगळ्यांपुढे आकडे. एका क्रमांकापुढे आकडा नव्हता, ओळ होती: सर्वांत वरच्या स्टँडर्डपेक्षा जास्त.

बाईंनी त्या ओळीवर बोट ठेवलं. मग म्हणाल्या, "एवढंच लिहायचं होतं."



"माझ्याकडे आकडा नव्हता," त्या म्हणाल्या, "पण हे वाक्य माझ्याकडे होतं. पहिल्याच दिवशी होतं."

मी उठून माठातलं पाणी प्यायलो. तहान नव्हती. परत आलो तेव्हा बाई ताठ बसल्या होत्या आणि डोळे पुसलेले होते. म्हणाल्या, "फणसेसाहेब, असं वाक्य यादीच्या मध्ये नको. सगळ्यात वर छापायचं. बाकीची बॅच पास होवो न होवो, हे आधी. आणि त्याच्यापुढे लिहा, आकडा नंतर, आधी कळवा." त्या मशीनला मराठी लिहिता येत नव्हतं. मी रोमन अक्षरांत मराठी टाइप केलं. प्रयोगशाळेत आजही पहिल्या पानावर वर जी ओळ येते, जी वाचताना नवीन मुलं हसतात, ती ही.

पुढे मी आणि आमच्या कारखान्यातल्या एका इन्स्ट्रुमेंटवाल्याने काउंटरपासून कॉम्प्युटरपर्यंत केबल टाकली. आकडे वाचायला नकोत, टाइप करायला नकोत, नळी मोजली की आकडा आपोआप आत. दोन दिवसांचं काम चहा होईपर्यंत व्हायला लागलं. पेन्सिल कपाटात गेली. लोकांना वाटलं, बाईंना वाईट वाटेल. बाईंनी पहिल्या दिवशी त्या केबलला हळदकुंकू लावलं.

त्यानंतर दोन-तीन वर्षांनी वृंदाताईंकडे धरणापलीकडच्या पाड्यावरचा बुधाजी आला होता, थोरल्या पोराच्या खोकल्यासाठी. खांद्यावर तान्ही मुलगी होती. तो ताईंना कौतुकाने म्हणाला, "डाक्तरीनबाय, थोरला लय पिडतो. ही पोर मातर लय गुनाची. रडं नाय की काय नाय." ताईंनी थोरल्याचा खोकला बाजूला ठेवला आणि धाकटीला हातात घेतलं.

त्या धाकटीचं, चिमीचं, रक्त इथे आलं. किट नेमकं आदल्या दिवशी आलेलं. यादी छापून आली, आणि वर ती ओळ. आकडा नंतर, आधी कळवा. कळवायचं कुठे? पाड्यावर फोन नाही. बाईंनी वृंदाताईंकडून गोळ्या घेतल्या, मिळेल त्या टेंपोत बसल्या, पुढे वाट संपली तिथून चालत गेल्या. बुधाजी अंगणात बसला होता. म्हणाला, "बाय, यवढ्या लांब कशाला आलीस? कागूद धाडायचा व्हता." बाई म्हणाल्या, "कागद मागून येईल. आधी हिला उठवा."

चिमी आता पहिलीत आहे. आज ती आली आहे, बुधाजीच्या शेजारी लाल फ्रॉक घालून बसली आहे ती. मघाशी दारात ती या समारंभाचा फलक मोठ्याने वाचत होती, बोट ठेवून, अक्षर अक्षर जोडून. 'कारखानीस'ला अडली आणि तेही पार केलं. मी मागेच उभा होतो. मला आनंद झाला. खरंच झाला, देवाशपथ. आणि त्याच क्षणी मी भिंतीला टेकलो. माझ्या मुलीचे आठवडे या पोरीला मिळाले, असं मनात आलं. बुधाजी, राग मानू नकोस. तुझ्या चिमीचा मला हेवा वाटतो. ती अशीच वाचत राहो, खूप शिको. आणि मला हेवा वाटतो.

बाई, आता आपल्याशी बोलतो.

उमाने आपल्याला हळदीकुंकवाला बोलावलं, गणपतीला बोलावलं, वेणूच्या वाढदिवसाला बोलावलं. आपण दर वेळी काहीतरी पाठवलंत. खण पाठवलात, पेढे पाठवलेत, बाहुली पाठवलीत. आपण आला नाहीत. आमच्या शेजारच्या इमारतीत वास्तुशांतीला आलात आणि आमच्या गॅलरीकडे पाठ करून जेवलात, हे उमाने पाहिलं. मागच्या आठवड्यात ती स्वतः आपल्या दारी आली, तेव्हा आपण तिला म्हणालात, "उमाताई, त्या लेकरासमोर मी कुठल्या तोंडाने बसू?"

उमा घरी येऊन रडली. मला म्हणाली, "तुम्ही रविवार-रविवार त्यांच्याशेजारी बसलात. तुमचं कसंबसं निभलं. माझं आणि त्यांचं तसंच राहिलं."

समारंभात लोक म्हणतात, झालं गेलं गंगेला मिळालं. मी म्हणणार नाही. गंगेला मिळालेलं नाही, ते आमच्या घरात आहे, रोज सकाळी मी तिची वेणी घालतो तेव्हा आहे. माझा राग पुरता गेला आहे असं मी या भरल्या सभेत खोटं सांगणार नाही. काही दिवशी नसतो. काही दिवशी असतो. पण बाई, तो आपण एकटीने उचलून धारवाडला न्यावा, हे मला बघवत नाही. आणि वेणूचं म्हणाल, तर आमच्या घरात मागचा हिशेब न ठेवणारी ती एकटीच आहे. ती तोंड बघत नाही कुणाचं. शेजारी जो बसेल त्याचा हात हातात घेते आणि बोटं निरखत बसते. एवढंच तिचं भेटणं.

आज उमा तिला इथे घेऊन आली आहे. मी विरोध केला होता. म्हटलं, मुलगी काय लोकांना दाखवायची आहे? उमा म्हणाली, "वेणूला कुणाला दाखवायचं नाही. मला फक्त बाईंसाठी शेजारी जागा धरायची आहे." तिसऱ्या रांगेत, कडेला, खिडकीपाशी. उमा आहे, वेणू आहे, आणि वेणूच्या पलीकडची खुर्ची उमाने रुमाल टाकून ठेवली आहे. मघापासून दोघातिघांनी ती मागितली. तिने दिली नाही.

माझं म्हणणं संपलं. आता आभार. अण्णांनी मला दिलेल्या पाच मिनिटांचं मी काय केलं ते सगळ्यांनी पाहिलं; त्यांनी एकदाही घड्याळाकडे बोट केलं नाही, त्याबद्दल त्यांचे. वृंदाताईंचे, त्यांच्या कानांबद्दल. टेकचंदशेठचे, मागच्या बटनाबद्दल. प्रयोगशाळेतल्या मुलामुलींचे, जी ती ओळ वाचून हसतात, पण कळवायला मात्र धावत जातात. आणि मालिनीबाईंचे आभार मी...

बाई?

अण्णा, सत्कारमूर्तीने मध्येच व्यासपीठ सोडायचं नसतं, हे मला ठाऊक आहे. आज राहू द्या. श्रीफळ काय, नंतरही देता येईल. वृंदाताई, जरा हात द्या त्यांना, ती पायरी उंच आहे. अहो, पलीकडचे, पाय थोडे आत घ्या, त्यांना जाऊ द्या.

श्रोतेहो, कृपा करून माझ्याकडे बघा. मागे वळू नका. एवढा वेळ माझ्याकडे पाहिलंत, आणखी थोडं पाहा.

तर, बोलण्याच्या भरात माझ्याकडून कोणाचा मान राखायचा राहिला असेल, कोणाचं मन दुखावलं असेल, जे खाजगीत बोलायचं ते मी चारचौघांत बोललो असेन, तर ते या सभेने आपल्या घरातल्या माणसाचं म्हणून पोटात घालावं. आपण शांतपणे ऐकून घेतलंत, मी ऋणी आहे. माझे दोन शब्द इथे पुरे करतो.

फक्त एक विनंती आहे. टाळ्या वाजवू नका. वेणू मोठ्या आवाजाला दचकते, आणि आत्ताच तिने बाईंचा हात धरला आहे.